काम बडनेऱ्यात, निर्णय बोस्टनमध्ये

कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा अमरावतीत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. हिवाळ्यात साडेदहा. त्यांचं घड्याळ मागं सरकलं की आपल्या पोरांची झोप पुढं सरकते.

साईनगरात, कठोरा रोडवर, अकोल्याच्या गोरक्षण रोडवर त्या वेळी एकेका खोलीचं दार लागतं. आई ताट झाकून ठेवते. आत 'डेली स्टँड-अप' सुरू झालेली असते.

स्टँड-अप म्हणजे उभ्याउभ्या, पंधरा मिनिटांत उरकायची बैठक. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. एवढंच. उभं अशासाठी राहायचं की पाय दुखू लागले की माणूस आपसूक थोडक्यात बोलतो.

आता चाळीस-चाळीस जण खुर्चीत बसून पाऊण-पाऊण तास एकमेकांचे अहवाल ऐकतात. पाय कुणाचेच दुखत नाहीत. आणि अडलेलं काम बैठकीनंतरही अडलेलंच असतं.

याला मोठ्या कंपन्यांच्या भाषेत 'अ‍ॅजाइल अ‍ॅट स्केल' म्हणतात.

अ‍ॅजाइल म्हणजे चपळ. त्याची मूळ गोष्ट साधी होती आणि चांगली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ अनुभवी लोक जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, बारा तत्त्वं. कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं. करारातल्या कलमांपेक्षा ग्राहकाशी बोलणं मोठं. ठरलेल्या योजनेला चिकटून बसण्यापेक्षा बदल पचवणं मोठं. आणि प्रक्रियेपेक्षा माणूस मोठा.

यातलं न पटणारं काय आहे? काहीच नाही.

पण त्या बारा तत्त्वांत आणखी एक आहे. टीममध्ये माहिती पोचवायचा सर्वांत चांगला मार्ग कोणता, तर समोरासमोर बोलणं. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं लहानशी, जवळजवळ बसणारी टीम होती. स्क्रम ही त्यातली सर्वांत चाललेली पद्धत. तिच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांची सांगितली आहे.

कंपन्यांनी ते उचललं आणि तीन खंडांत पसरलेल्या शेकडो माणसांना लावलं. एक खोली गेली. समोरासमोर बोलणं गेलं. नाव तेवढं राहिलं.

थोडं गणित करू या, राजेहो. आठ माणसं असतील तर आपसांत बोलायच्या जोड्या होतात २८. शंभर माणसं असतील तर ४,९५०. माणसं साडेबारा पट, जोड्या पावणेदोनशे पट. कोणती बैठक हे पेलणार?

हे गणित आजचं नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचे व्यवस्थापक फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. पन्नास वर्षं झाली. ते पुस्तक प्रत्येक मॅनेजरला तोंडपाठ आहे. आणि प्रकल्प लांबला की प्रत्येक मॅनेजर आधी माणसंच मागतो.

उलटं करून बघितलं का कुणी?

बघितलं. अमेरिकेच्या एफबीआयनं. तपासाची कागदपत्रं संगणकावर आणायचा त्यांचा एक प्रयत्न २००५ मध्ये १७ कोटी डॉलर पाण्यात घालून बंद पडला. २००६ मध्ये 'सेंटिनेल' नावानं दुसरा सुरू झाला, तोही रखडला. २०१० मध्ये एफबीआयनं काम बड्या कंत्राटदाराकडून स्वतःच्या हातात घेतलं. कंत्राटी माणसं सुमारे २२० होती, ती ४० वर आणायचं ठरवलं. लहान टीम, छोटे टप्पे, दर टप्प्याला चालणारं काहीतरी दाखवायचं. जुलै २०१२ मध्ये यंत्रणा वापरात आली.

माणसं कमी केली, तेव्हा काम पुढं सरकलं. हा धडा आपल्याकडच्या किती कंपन्यांनी घेतला?

त्यांनी दुसरं घेतलं. आराखडे घेतले. २०११ मध्ये डीन लेफिंगवेल यांचा 'सेफ' आला. त्यात ५० ते १२५ माणसांची एक 'ट्रेन', आठ ते बारा आठवड्यांचं नियोजन एकदम, त्यासाठी दोन दिवसांची महाबैठक, आणि वर पदांची उतरंड. प्रत्येक पदासाठी प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला फी. स्क्रमचे एक जनक केन श्वाबर यांनी २०१३ मध्येच त्यावर जाहीर टीका केली. फी भरणाऱ्यांची रांग काही हटली नाही.

२०१२ मध्ये स्पॉटिफाय या गाण्यांच्या कंपनीची पद्धत सांगणारा लेख आला. लिहिणाऱ्या हेन्रिक क्नीबर्ग आणि अँडर्स इव्हार्सन यांनी त्यातच बजावलं होतं की हे आमचं आजचं चित्र आहे, प्रवास चालू आहे, संपलेला नाही. लोकांनी इशारा सोडला आणि नावं उचलली. टीमचं 'स्क्वॉड' झालं, विभागाची 'ट्राइब' झाली. परवानगी मात्र पूर्वी जिथून यायची तिथूनच येत राहिली.

आणि जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेनं आपल्याकडची 'अ‍ॅजाइल' या गटातली ११०० हून जास्त पदंच रद्द केली. पद्धत सांभाळायला नेमलेली माणसं गेली. काम करणाऱ्यांवर पद्धत सोपवली असती, तर ती पदं एवढी वाढली असती का?

मग मोठी कामं करायचीच नाहीत का? करायची. पण काम तोडायची रीत बदलायची. खरं दुखणं तिथं आहे.

समजा, एका बँकेच्या अ‍ॅपमध्ये कर्जाचा हप्ता पुढं ढकलायची सोय करायची आहे. स्क्रीन पुण्यात बनते. मागची यंत्रणा चेन्नईत. टेस्टिंग बडनेऱ्यात घरी बसलेल्या एका पोट्ट्याकडे. आणि 'हप्ता किती वेळा ढकलता येईल' हे ठरवणारा प्रॉडक्ट ओनर बोस्टनमध्ये.

बडनेऱ्याच्या पोट्ट्याला दुपारी तीन वाजता चूक सापडते. ती चूक आहे की तसंच अपेक्षित आहे, हे त्याला ठरवता येत नाही. तो 'जिरा' या कामांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर नोंद करतो. पुणे म्हणतं, चेन्नईला विचारा. चेन्नई म्हणतं, बोस्टन उठू द्या. बोस्टन उठतं तेव्हा इथं संध्याकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात. उत्तर येतं की हा मुद्दा पुढच्या नियोजनात घेऊ.

दोन मिनिटांचा प्रश्न. तीन महिन्यांची वाट.

या सगळ्यात आळशी कोण आहे? कुणीच नाही. प्रत्येक जण मान मोडून काम करतोय. काम कापलंच असं आडवं आहे की कोणत्याही एका टीमच्या हातात पूर्ण वस्तू कधी येतच नाही. चार टीम, चार रांगा, आणि त्या रांगांचा हिशेब ठेवायला पाचवी टीम. मग तिच्या बैठका. पोरं कोड लिहितात ते बैठकांच्या फटीत.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये सांगून ठेवलंय की संस्था जशी विभागलेली असते, तशीच तिची यंत्रणा घडते. चार भिंती घातल्या तर सॉफ्टवेअरलाही चार भिंती येणार. मार्टिन फाउलर हे स्नोबर्डच्या १७ जणांपैकी एक. त्यांच्या थॉटवर्क्स कंपनीनं बंगळूरला कचेरी काढली आणि दूरदूरच्या टीमकडून अ‍ॅजाइल पद्धतीनं काम करून घेतलं. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलं की टीम पाडताना कामाच्या प्रकारावरून पाडू नका, एका ठिकाणी कोड आणि दुसरीकडं टेस्टिंग असं करू नका. एका जागच्या टीमला एक सोय सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या.

उभं कापा. आडवं नको.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. निंदणाला वीस बायांना दिवसाच्या मजुरीनं लावलं तर एक माणूस दिवसभर धुऱ्यावर उभा ठेवावा लागतो. दोन एकराचा तुकडा पाच जणींना ठरवून दिला तर धुऱ्यावर कुणी लागत नाही. कोणती ओळ आधी, पाणी कधी प्यायचं, ते त्या ठरवतात. संध्याकाळी शेत बघितलं की कळतं.

आता आपल्या पोरांकडे या. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं. बडनेऱ्याचं आणि शेगावचं १९८३ चं. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षाचं. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ हा मुलूख इंजिनिअर घडवतोय. आणि तितकाच काळ रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून पुण्याला पाठवतोय.

२०२० मध्ये कोरोना आला आणि ट्रॅव्हल्स उलट्या दिशेनं भरून आल्या. पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली. सगळ्या उद्योगानं एका सुरात सांगितलं की काम थांबलं नाही. टीसीएसनं त्याआधीपासून 'लोकेशन इंडिपेंडंट अ‍ॅजाइल' नावाची पद्धत जगापुढं मांडली होती. टीम कुठंही बसू दे, काम चपळच होणार. २०२० मध्ये त्यांनी घोषणा केली की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचारी कचेरीत असण्याची गरज उरणार नाही.

२०२३ मध्ये त्याच कंपनीनं आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत या म्हणून सांगितलं.

हे एका कंपनीचं नाही, बहुतेकांचं असंच झालं. कचेरीत बोलावण्याची कारणं असतीलही. नवीन पोरगं जुन्याशेजारी बसूनच शिकतं, हे मलाही मान्य आहे. पण मग पुण्याला बोलावलेल्या पोराची बाकी टीम कुठं आहे? चेन्नईत आणि बोस्टनमध्ये. म्हणजे हिंजवडीच्या गर्दीत दीड तास काढायचा, आणि कचेरीत पोचून हेडफोन लावून पुन्हा पडद्यावरच बोलायचं. याला समोरासमोर म्हणायचं?

घरून काम करणाऱ्या एकट्याचे हालही थोडे नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात सगळं सुरू होत असताना अमरावतीत पुन्हा लॉकडाउन लागला, अकोल्यातही निर्बंध आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. अशा दिवशी दूरच्या टीमच्या पडद्यावर काय दिसतं? एक नाव करड्या रंगात. पुढच्या बैठकीत तो माणूस 'ब्लॉकर', म्हणजे अडथळा, म्हणून नोंदवला जातो.

माणूस, आणि ब्लॉकर?

अशा वेळी अमरावतीतली पूर्ण टीम असती तर तिचंही नेट गेलंच असतं. खरं आहे. पण फरक बघा. गिट ही कोड ठेवायची व्यवस्था २००५ पासून आहे, आणि तिच्यात कोडची अख्खी प्रत इतिहासासकट प्रत्येकाच्या मशीनवर असते. संपूर्ण काम, निर्णय घेणारा माणूस आणि विचारायला शेजारी एकाच गावात असतील, तर संचारबंदीच्या ढिलाईत आणि फोनवरही बरंच पुढं सरकतं. आणि उशीर झालाच, तर त्या एका सोयीला होतो. चार शहरांतल्या चार टीम हात बांधून बसत नाहीत.

गिट आलं कुठून? लिनक्सच्या कामातून. लिनक्सचा गाभा दर नऊ-दहा आठवड्यांनी नव्या आवृत्तीत येतो. प्रत्येक आवृत्तीत जगभरातल्या हजाराहून जास्त लोकांचा हात असतो. त्या सगळ्यांची रोजची स्टँड-अप नाही. महाबैठक नाही. एकेका भागाला एकेक सांभाळणारा आहे, त्याचा शब्द त्या भागात चालतो, आणि चर्चा लिहून होते म्हणून घड्याळ कुणाच्या मानेवर बसत नाही. मान्य, तिथं बरेचसे लोक मुरलेले असतात आणि नवख्याला बोलणी खावी लागतात. पण विखुरलेल्या लोकांकडून अवाढव्य काम होतं की नाही, या प्रश्नाचा निकाल तिथं कधीच लागलाय.

लागतो तो विश्वास. आणि तो आराखड्याच्या पाकिटात मिळत नाही.

आणि वापरणाऱ्याशी जवळीकही लागते. सरकारी सॉफ्टवेअर घ्या. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. महसूल विभाग आणि टाटा ट्रस्ट यांचं काम. शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचा फोटो टाकायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. कल्पना उत्तम. तलाठ्याची वाट बघायची गरज नाही.

पहिल्या हंगामात काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. फोटो चढेना, सर्व्हर मिळेना, चुकलं तर दुरुस्त होईना. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली. चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करायची सोय आली. हे खरं अ‍ॅजाइल. वापरणाऱ्याचं ऐकलं आणि बदललं. त्याबद्दल करणाऱ्यांचं कौतुकच केलं पाहिजे.

पण एक विचारू? त्या सुधारणेला एक अख्खं वर्ष काहून लागावं? दर्यापूरच्या काळ्या रानात कपाशीत उभं राहून, उन्हात न दिसणारा पडदा हातानं झाकत कुणी ते अ‍ॅप पहिल्या आठवड्यात वापरून बघितलं असतं, तर दुरुस्तीची यादी दुसऱ्या आठवड्यात तयार झाली असती. अमरावती-अकोल्यातल्या टीमला वापरणारा शोधायला विमानानं जावं लागत नाही. तो मामाच्या गावाला असतो.

मेळघाटातलं हरिसालही आठवा. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीनं 'डिजिटल गाव' म्हणून गाजलेलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी त्याचे व्हिडिओ भर सभेत लावले, मग सत्ताधाऱ्यांनी आपले व्हिडिओ लावले. दोन्ही बाजूंनी पडदे लागले. धारणीच्या त्या गावात आज कोणती सेवा चालते आणि कोणती बंद आहे, हे गावाला कुणी विचारत राहिलं का?

स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्याच्या, शेवटी होणाऱ्या डेमोचं नेमकं हेच दुखणं आहे. मोठ्या टीमच्या डेमोला टाळ्या वाजवायला सगळे वरिष्ठ हजर असतात. वापरणारा नसतो.

आणि मग मोजमाप. स्टोरी पॉइंट हा काम किती मोठं आहे याचा टीमनं आपल्यापुरता धरलेला अंदाज. वरच्यांनी त्याचा तक्ता केला. या टीमचे चाळीस, त्या टीमचे साठ. अकोल्याची पोरगी चाळीसवाल्या टीममध्ये, म्हणून तिचं अप्रेझल खाली. पुढच्या स्प्रिंटला चाळीसवाली टीम त्याच कामाला सत्तर पॉइंट लावते. आकडा वाढला, काम तेवढंच. खोटं बोलायला कुणी शिकवलं? तक्त्यानं.

रेट्रोत हे कुणी बोलतं का? काय चुकलं ते मोकळेपणी सांगायची ती बैठक. पण तिथं अप्रेझल देणाराही बसलेला असतो. त्याच्यासमोर मोकळं कोण होणार? 'संवाद सुधारायला हवा' असं सगळे लिहितात. पुढच्या रेट्रोतही तेच लिहितात.

आता अडचण अंतराची राहिलेली नाही. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातून गेलाय. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान उडतंय. फायबर घरोघरी पोचतंय. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल बसलेत. म्हणजे मोठ्या कंपन्यांना विदर्भ नकाशावर सापडतो. मग बडनेरा स्टेशन ओलांडायला काय हरकत आहे?

पण येताना टेस्टिंगचे चार तुकडे घेऊन येऊ नका. रात्रपाळीचा मदत-कक्ष घेऊन येऊ नका. आठ-नऊ जणांची एक पूर्ण टीम करा. त्यात डिझाइन करणारी, कोड लिहिणारे, तपासणारी आणि 'हे असंच करायचं' म्हणायचा अधिकार असलेला एक माणूस, सगळे एकाच गावात. एक सोय त्यांच्या नावावर करा. पुण्याशी आणि बोस्टनशी आठवड्यातून एकदा बोलणं पुरतं की नाही, ते दोन महिन्यांत कळेल. नाही पुरलं तर बदला. बदलायला लाजायचं नाही, असंच तर त्या १७ जणांनी सांगितलं होतं.

आणि आपण? आयटी पार्कची घोषणा झाली की आपण किती एकर आणि किती नोकऱ्या एवढंच विचारतो. यापुढं नारळ फोडायला येणाऱ्याला तिसरा प्रश्न विचारा. सॉफ्टवेअर आज सोडायचं की उद्या, हे ठरवणारी किती माणसं या इमारतीत बसणार आहेत?

उत्तर शून्य आलं, तर पोरांनो, रात्री साडेनऊची बैठक तुमची सुटत नाही.